दरबारीला त्याची रात्र परत द्या : इंदूरच्या महापौरांना आणि निगमाला खुले पत्र

माननीय महापौर, नगर निगमाचे आयुक्त आणि शहराचे पोलिस आयुक्त यांस,

सादर नमस्कार.

मी राजेंद्र नगरात राहते. जन्म रामबागेतला, शाळा-कॉलेज इथलेच, नोकरीही इथेच केली, आणि आता निवृत्त होऊन चार वर्षे झाली. आईचे बोट धरून गाण्याला आणि मराठी नाटकाला जायला लागले त्याला पन्नास वर्षे उलटून गेली. मी कुठल्या संस्थेची पदाधिकारी नाही, गायिका तर नाहीच. तिकीट काढून खुर्चीत बसणारी श्रोती आहे, आणि तेवढ्याच नात्याने हे लिहिते आहे.

मागणी आधी सांगते. महिन्यातून एक रात्र या शहरातले एक सभागृह गाण्यासाठी उघडे ठेवा, रात्री दहानंतर, आणि त्या रात्री श्रोत्यांना घरी पोचवणाऱ्या दोन-तीन बस सोडा.

गेल्या काही वर्षांतली थंडीच्या दिवसांतली एक संध्याकाळ. शहरातल्या एका सभागृहात गाणे होते. गायक बाहेरगावचे, मोठ्या तयारीचे. पत्रिकेवर वेळ साडेसातची. आम्ही सव्वासातलाच जाऊन बसलो, कारण पुढच्या रांगा भरतात. दीपप्रज्वलन झाले, सरस्वतीवंदना झाली, पाहुण्यांचा परिचय झाला, शाल-श्रीफळ झाले, मग पाहुणे बोलले आणि त्यांच्यानंतर आणखी एक पाहुणे बोलले. गायक पडद्यामागे तानपुरे पुन्हा पुन्हा लावत होते, मधूनमधून ती जवारी, तारांची गुंजण, आमच्यापर्यंत यायची. पहिला राग सुरू झाला तेव्हा साडेआठ होत आले होते. तो आटोपून सव्वानऊला त्यांनी दरबारी या मध्यरात्रीच्या रागाचा षड्ज लावला.

मंद्रात, म्हणजे खालच्या सप्तकात, ते हळूहळू उतरले. धैवत आला, मग तो निषाद, आणि मग गंधार असा काही झुलला की माझ्या शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी माझी ओळखपाळख नसताना माझ्या हातावर हात ठेवला. विलंबिताला वीस मिनिटेही झाली नसतील, विंगेत एक मनुष्य येऊन उभा राहिला आणि त्याने मनगटावर बोट ठेवले. गायकांनी पाहिले न पाहिल्यासारखे केले. पाच मिनिटांनी तो पुन्हा आला. मग सभागृहातले बाजूचे दिवे लागले. गायकांनी डोळे उघडले, तबल्याकडे बघितले आणि द्रुत धरले. दहाला पाच कमी असताना भैरवी सुरू झाली आणि दहाला संपली. टाळ्या वाजवतानाच लोक चपला शोधत होते. ते शेजारचे गृहस्थ शाल गुंडाळून घेत म्हणाले, "ताई, दरबारी सुरूच कुठे झाला होता?"

बाहेर आलो तर थांब्यावर शुकशुकाट. आमच्या बाजूची शेवटची बस केव्हाच गेलेली. माझ्याबरोबर माझी ब्याऐंशी वर्षांची आई होती. रिक्षावाल्याला विचारले तर म्हणाला, "तीन सौ लगेंगे आंटी, वापसी खाली आना पड़ता है." त्याचेही खोटे नव्हते. आम्ही गेलो. आईने वाटेत एवढेच म्हटले की यापुढे मला आणू नकोस, माझ्यामुळे तुझा जीव घड्याळात अडकतो. त्यानंतर ती खरोखरच गाण्याला आली नाही. गेल्या वर्षी ती गेली. शेवटची तीन-चार वर्षे या बाईने, जिने रेडिओवरच्या मैफली अर्ध्या रात्रीपर्यंत जागून ऐकल्या, समोर बसून गाणे ऐकले नाही, आणि त्याला कारण फक्त घरी परतण्याची सोय नव्हती हे. हे मला फार लागले आहे, म्हणून हे पत्र.

आईला घरी सोडून त्याच रात्री मी भाच्याच्या स्कूटरवर सराफ्यात गेले, कारण त्याचे मित्र पुण्याहून आले होते आणि त्यांना तिथली रात्रीची खाण्याची चौपाटी दाखवायची होती. अकरा वाजून गेले होते. गल्लीत पाय ठेवायला जागा नाही. सोन्याचांदीच्या दुकानांची शटर खाली आणि त्यांच्याच ओट्यांवर तवे, कढया, परात. गराडू या कंदाचे तुकडे तळून वर येत होते, त्यावर लिंबू आणि जिरावण मसाला. एका बाजूला भुट्ट्याचा कीस दुधात शिजत होता. दहीवड्याची प्लेट हवेत उडत होती आणि पुण्याची मुले मोबाइल धरून ओरडत होती. कडेवर झोपलेली बाळे घेतलेल्या आया होत्या, आज्या होत्या, नवी लग्ने झालेली जोडपी होती, हातात हिरवा चुडा. रात्रीचा एक वाजला तरी बायका निर्धास्त फिरत होत्या. मी त्या गर्दीत उभी होते आणि डोक्यात तो अर्धवट राहिलेला गंधार फिरत होता. तेव्हाच मनात आले की या शहराला रात्र कशी जागवायची हे कुणी शिकवायला नको. आपण फक्त ती सगळी खाण्याला देऊन टाकली आहे.

खाण्यावर माझा राग नाही. इंदूरचा माणूस सराफ्यावर रागावूच शकत नाही. उलट माझ्या मागणीचा आधारच सराफा आहे. रात्री सराफ्यात खाण्याची दुकाने का लागली याचे जे कारण आम्ही लहानपणापासून ऐकत आलो, ते फार शहाणपणाचे आहे : दुकान बंद झाल्यावर ओट्यावर कुणी जागे असले की दागिन्यांच्या दुकानाची राखण आपोआप होते. चौकीदार ठेवण्यापेक्षा गल्ली जागती ठेवलेली बरी. म्हणजे रात्रीची सुरक्षितता माणसांच्या वावरातून येते हे या गावच्या सराफांना आपल्या कुठल्याही आराखड्याच्या आधी कळले होते. आज चौपाटीवर किती दुकाने असावीत, कुठली मूळची आणि कुठली नंतर घुसलेली, गॅसच्या टाक्यांचे काय, यावर निगमात आणि सराफा संघटनांत चर्चा होते. व्हायलाच हवी, कारण त्या अरुंद गल्लीत आग लागली तर काय होईल हा विचार माझ्याही अंगावर काटा आणतो. पण चौपाटी वाचली पाहिजे असे म्हणताना आपण सगळे एक गोष्ट गृहीत धरतो, की रात्रीचे जागरण ही इंदूरची संस्कृती आहे. ते खरे असेल तर त्या संस्कृतीत गाणे कुठे आहे?

आणि गाणे कुणाचे, हेही आठवावे. हे उस्ताद अमीर खाँसाहेबांचे गाव आहे. त्यांचे वडील शाहमीर खाँ होळकरांच्या दरबारात होते, खाँसाहेबांची तालीम इथे झाली आणि त्यांच्या गायकीला जगाने इंदूर घराणे असे नाव दिले. आपल्या शहराचे नाव एका गायकीला लागलेले आहे. अशी किती शहरे आहेत देशात? झूमरा तालाच्या चौदा मात्रा अतिविलंबित लयीत, मेरुखंडाची, म्हणजे तेच स्वर निरनिराळ्या क्रमाने गुंफण्याची, ती एकेक पाकळी उलगडत जाणारी बढत, आणि त्यात दरबारी. खाँसाहेबांचा मारवा आणि दरबारी ज्यांनी नुसत्या रेकॉर्डवर ऐकला त्यांनाही कळते की हे गाणे घाईचे नाही. ते बसून, निवांत, बाहेरचे आवाज विझल्यावर ऐकायचे गाणे आहे. त्यांच्याच गावात दरबारी सव्वानऊला सुरू होऊन पावणेदहाला गुंडाळावा लागतो याची खंत आपल्याला वाटू नये?

रागाच्या वेळेचे आता कुणी काय घेऊन बसायचे, असे तरुण मंडळी म्हणतात. मी शास्त्रातली नाही, पण ऐकणारी म्हणून सांगते. रात्री नऊला आपला कान अजून दिवसाचाच असतो. रस्त्यावरचे हॉर्न, कुकरच्या शिट्ट्या, फोन, उद्याच्या डब्याची काळजी. मध्यरात्रीकडे हे सगळे खाली बसते. तेव्हा तानपुऱ्याचा खर्ज नुसता ऐकू येत नाही, तो छातीत जाणवतो. दरबारीचे सगळे वैभव मंद्र सप्तकात आहे, आणि मंद्र ऐकायला शांतता लागते. मालकंस मध्यरात्रीनंतरचा, सोहनी उत्तररात्रीची, ललत उजाडतानाचा. या शहरातल्या माझ्या भाचीच्या पिढीने यातला एकही राग त्याच्या वेळेला समोर बसून ऐकलेला नाही. तिने ते सगळे मोबाइलवर ऐकले आहेत, दुपारी, बसमध्ये. ती उत्तम गाते. तिला एकदा तरी पहाटे ललत ऐकायला मिळावा.

आमच्या मराठी घरांना रात्रीचे प्रयोग नवे नाहीत. संगीत नाटके रात्र-रात्र चालायची, पदांना वन्समोअर मिळायचे आणि पहाटे भरतवाक्य व्हायचे, हे आजी सांगायची. मास्टर दीनानाथांची बळवंत संगीत मंडळी गावोगाव हिंडत होती त्या काळात, 28 सप्टेंबर 1929 रोजी, लताबाईंचा जन्म इथे शीख मोहल्ल्यात झाला. रामूभैया दात्यांच्या घरच्या बैठका तर दंतकथा झाल्या आहेत. अरुण दाते त्या घरातले. देवासला कुमार गंधर्व. पस्तीस-चाळीस किलोमीटरच्या टापूत एवढे गाणे नांदत होते आणि त्यातले पुष्कळसे रात्रीचे होते, कुणाच्या तरी दिवाणखान्यात, चटया अंथरून. आता दिवाणखाने लहान झाले. तेवढी माणसे बसवायला फ्लॅटमध्ये जागा नाही, शेजाऱ्यांची झोप मोडेल ही काळजीही रास्त आहे. म्हणजे जे पूर्वी घरांनी केले ते आता सार्वजनिक जागेनेच करायला हवे.

आता कायद्याचे बघू, कारण हा विषय काढला की पहिले वाक्य ऐकू येते, "दहानंतर परवानगी नाही." आयोजक हे सांगतात, सभागृहवाले हे सांगतात, आणि सगळे इतक्या खात्रीने सांगतात की कुणी नियम उघडून बघत नाही. मी बघितला. ध्वनिप्रदूषण (नियमन आणि नियंत्रण) नियम, 2000. त्यात रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धक आणि वाद्ये वाजवायला बंदी आहे, पण त्याच वाक्यात अपवाद आहे : बंद जागेत, आतल्या आत वापरण्यासाठी, जसे प्रेक्षागृह, परिषदेचे दालन, समाजमंदिर, मेजवानीचे सभागृह. म्हणजे दारे बंद असलेल्या सभागृहात रात्री बारा वाजता दोन तानपुरे, एक तबला, एक हार्मोनियम आणि एक आवाज यांना हा नियम अडवत नाही. अट एवढीच की आवाज बाहेर जाऊन शेजाऱ्यांना त्रास होऊ नये. निवासी भागाची रात्रीची मर्यादा 45 डेसिबल आहे. बैठकीचे गाणे भिंतीबाहेर तेवढेही जात नाही. उघड्यावरच्या कार्यक्रमासाठीसुद्धा सांस्कृतिक किंवा धार्मिक उत्सवाच्या निमित्ताने, वर्षात जास्तीत जास्त 15 दिवस, रात्री बारापर्यंत सवलत देण्याचा अधिकार राज्य सरकारला त्याच नियमांत दिलेला आहे.

मग अडते कुठे? अडते ते सभागृहाच्या पाळ्यांत. सकाळची पाळी, दुपारची पाळी, संध्याकाळची पाळी. संध्याकाळची दहाला संपते कारण कर्मचाऱ्यांना घरी जायचे असते, आणि त्यात त्यांची काही चूक नाही. विंगेत मनगटावर बोट ठेवणाऱ्या त्या माणसालाही शेवटची बस पकडायची असणार. रात्रीची चौथी पाळी कधी ठेवलीच गेली नाही. ती ठेवा. महिन्यातून एकदा. त्या कर्मचाऱ्यांना त्या रात्रीचा जादा मोबदला आणि दुसऱ्या दिवशीची सुटी द्या. तो खर्च तिकिटात धरला तरी आम्ही देऊ. कुठले सभागृह ते आपण ठरवा. गांधी हॉल होऊ शकेल, 1904 साली बांधलेली ती वास्तू, रात्री तिच्या मनोऱ्यावरच्या घड्याळाखालून गाण्याला जाण्याची कल्पनाच मला मोहवते. रवींद्र नाट्यगृह होऊ शकेल. माझा आग्रह जागेचा नाही, वेळेचा आहे.

पोलिस आयुक्तसाहेबांना एक शंका येईल, आणि ती खरी आहे. सप्टेंबर 2022 मध्ये निरंजनपूर ते राजीव गांधी चौराहा या साडेअकरा किलोमीटरच्या पट्ट्यात, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शंभर मीटरपर्यंत, चोवीस तास दुकाने उघडी ठेवायची मुभा दिली होती. 2024 मध्ये ती मागे घेतली गेली. दारू पिऊन होणारी भांडणे, नशा, रस्त्यावरची हुल्लड, हे सगळे आपण पाहिले. विजय नगरकडच्या माझ्या मैत्रिणींना ती दोन वर्षे रात्री खिडक्या लावून झोपावे लागले. त्या निर्णयाला माझा विरोध नाही. पण त्या प्रयोगातून एक चुकीचा धडा आपण घेतला असे मला मनापासून वाटते. आपण म्हटले, रात्र वाईट. रात्री उघडे काय होते ते मात्र पाहिले नाही. कॅफे, बार, टपऱ्या, हॉटेले उघडी होती. नाट्यगृह उघडे नव्हते, वाचनालय उघडे नव्हते, गाण्याची बैठक नव्हती. आयटीतून रात्री अकराला सुटणाऱ्या मुलाला जाण्यासारखी जागा कुठली होती? मग तो जिथे दिवा दिसेल तिथे जाणारच. सराफ्यात त्याच शहरातली तीच मुले रात्री एकला आजीच्या शेजारी उभी राहून मुकाट्याने गराडू खातात. कारण तिथे आजी असते. रात्रीच्या जागी सगळ्या वयाची माणसे आली की तिथले वागणे आपोआप सांभाळले जाते. दरबारी ऐकून बाहेर पडलेल्या दोनशे-तीनशे माणसांनी रस्त्यावर बाटल्या फोडल्याचे आपल्या एकाही ठाण्यात नोंदलेले नसेल.

आणि अख्खी रात्र सांभाळायची कशी हे आपल्याला येत नाही असे कुणी म्हणू नये. अनंत चतुर्दशी आठवा. माझे वडील कापड गिरणीत होते. चतुर्दशीच्या दिवशी दुपारीच आई पुऱ्या आणि बटाट्याची सुकी भाजी करून ठेवायची, आणि आम्ही संध्याकाळपासून जेल रोडवर एका ओळखीच्या दुकानाच्या ओट्यावर सतरंजी टाकून जागा धरायचो. गिरण्यांच्या गणपतींच्या झाक्या, म्हणजे फिरते देखावे, यायच्या त्या रात्री, एकामागून एक, हुकुमचंद, मालवा, राजकुमार, कल्याण, स्वदेशी, प्रत्येक मिलची आपली. दिव्यांच्या माळा फिरायच्या, मान हलवणारे राक्षस, पाण्यातून वर येणारा कृष्ण. पुढे आखाड्यांची पोरे लाठी-बनाटी फिरवत जायची. मी कधी झोपून जायचे मला कळायचे नाही. वडील उठवायचे, "उठ गं, आपली आली." ती आपली झाकी म्हणजे त्यांनी आणि त्यांच्या खात्यातल्या माणसांनी पंधरा दिवस राबून उभी केलेली. तिच्याकडे बघताना त्यांचा चेहरा जसा व्हायचा तसा पगाराच्या दिवशीही झालेला मला आठवत नाही.

गिरण्या बंद पडल्या. हुकुमचंद मिल 1991 च्या डिसेंबरात बंद झाली, तिच्या कामगारांना आपले पैसे मिळायला 2023 चा डिसेंबर उजाडावा लागला. किती जण ते बघायला राहिलेच नाहीत. पण झाक्या थांबल्या नाहीत. गिरणी नाही, पगार नाही, तरी कामगारांच्या गणेशोत्सव समित्यांनी वर्गण्या काढून, पदरमोड करून त्या चालू ठेवल्या. निगम आणि विकास प्राधिकरण त्यांना मदत देतात, हे आपण चांगलेच करता. त्या रात्री रस्ते वळवले जातात, पोलिस पहाटेपर्यंत उभे असतात, पाण्याचे टँकर असतात, लाखो माणसे रस्त्यावर असतात आणि सकाळी सात वाजता जेल रोड असा लख्ख असतो की रात्री इथे काही झाले होते हे सांगून पटू नये. 2017 पासून स्वच्छतेत देशात अव्वल राहिलेले हे शहर रात्रीच झाडले जाते. सराफ्यातला शेवटचा तवा उतरला की निळ्या-पिवळ्या गाड्यांची वाट बघत झाडूवाल्या बायका उभ्या असतात, मी त्यांना बघितले आहे. रात्र चालवणारे हात या गावाकडे आहेत.

त्या मानाने मी मागते आहे ते किती थोडे आहे बघा. चारशे खुर्च्यांचे एक सभागृह, वर्षातून बारा रात्री.

श्रोते येतील का, असे विचाराल. या शहरात सानंद न्यास ही संस्था मराठी नाटकाचा एकेक प्रयोग सभासदांच्या पाच गटांसाठी पाच वेळा करते. शनिवारी दोनदा, रविवारी तीनदा, रामूभैया दाते गट, राहुल बारपुते गट, मामा मुजुमदार गट, वसंत, बहार. रविवारी सकाळी दहाच्या प्रयोगाला माणसे अंघोळ-पूजा उरकून वेळेवर येऊन बसतात. महाराष्ट्राबाहेरच्या दुसऱ्या कुठल्या गावात मुंबई-पुण्याच्या नाटकमंडळींना एका मुक्कामात असे पाच भरलेले प्रयोग मिळतात ते मला सांगा. मराठी साहित्य संमेलन या गावाने तीनदा भरवले, 1917, 1935 आणि 2001 साली. आणि हे फक्त मराठी माणसांचे झाले. गाण्याला हिंदी घरे आहेत, गुजराती आहेत, बंगाली आहेत, बोहरा मोहल्ल्यातली जाणकार मंडळी आहेत. सतरंजीवर मांडी घालून बसणारा श्रोता या गावात अजून आहे. तो फक्त साठी-सत्तरीचा झाला आहे आणि त्याच्याकडे गाडी नाही.

म्हणून बस. ही मागणी किरकोळ समजून बाजूला ठेवू नका, माझ्या मते तीच मुख्य आहे. मेट्रो 31 मे 2025 ला सुरू झाली, सुपर कॉरिडॉरवर पाच स्थानके. पुढे ती शहरात येईल तेव्हा येईल. आज मध्यरात्री घरी जायला स्वतःचे वाहन नाही तर रिक्षा, आणि रिक्षा म्हणजे तिकिटापेक्षा महाग. तीन मार्ग पुरतील. एक पश्चिमेकडे, महू नाका, अन्नपूर्णा, सुदामा नगर, राजेंद्र नगर. एक पूर्वेकडे, पलासिया, तिलक नगर, बंगाली चौराहा. एक उत्तरेकडे, मालवा मिल, पाटणीपुरा, विजय नगर. बस सभागृहाच्या दारात उभी असावी, घड्याळाने सुटू नये, भैरवी संपल्यावर पंधरा मिनिटांनी सुटावी. तिकिटाबरोबरच बसचे पैसे घ्यावेत. बसमध्ये एक महिला कर्मचारी असावी. एवढे झाले तर माझ्या वयाच्या ज्या बाया आता "रात्रीचे नको गं" म्हणून घरी बसल्या आहेत त्यातल्या निम्म्या तरी बाहेर पडतील. मी त्यांना ओळखते. त्यांना गाणे नको असते असे नाही, मुलाला रात्री बाराला गाडी काढायला सांगणे नको असते.

हे पत्र आपल्याला लिहिले असले तरी आपल्या संस्थांनाही एक शब्द सांगायचा आहे, रागावू नका. आमची अर्धी रात्र तर आपण भाषणांत घालवतो. सव्वानऊला दरबारी सुरू झाला त्याचे कारण सभागृहाची वेळ जेवढी, तेवढेच ते चार सत्कार. ज्यांच्या देणगीवर कार्यक्रम होतो त्यांचा मान राखलाच पाहिजे, पण तो पत्रिकेवर राखा, प्रवेशद्वारावर राखा, मध्यंतरात चहाच्या वेळी राखा. तानपुरा लागल्यावर माइक कलाकाराचा. रात्रीच्या बैठकीत दीपप्रज्वलनाखेरीज काहीही नको, एवढा नियम संस्थांनी स्वतःवर घालून घ्यावा.

आणखी एक. या बैठकांत पहिला तास गावातल्या मुलांना द्या. देवी अहिल्या विद्यापीठात शिकणारी, शासकीय संगीत महाविद्यालयात शिकणारी, घरोघरी गुरूंकडे जाणारी कितीतरी मुले आहेत. त्यांना गॅदरिंगमध्ये सात मिनिटे मिळतात. रात्री अकराला एक मुलगी शांतपणे बागेश्री मांडते आहे आणि समोर शंभर माणसे डोळे मिटून ऐकताहेत, हे तिला एकदा मिळाले तर ती गाणे सोडून बँकेच्या परीक्षेला बसायच्या आधी दहा वेळा विचार करेल.

पहिल्या रात्रीसाठी तारीखही सुचवते. 13 फेब्रुवारी. 1974 साली त्याच तारखेला कलकत्त्यात मोटारीच्या अपघातात खाँसाहेब गेले. फेब्रुवारीत आपल्याकडे रात्री गारवा असतो, माळव्याच्या त्या थंडीत गाणे फार छान लागते. दहाला सुरू करा. बागेश्री, दरबारी, मालकंस, आणि गायकाचा जीव रमला तर ललत. मधे चहा असू द्या, आणि पहाटे बाहेर पडताना कुणी तरी पोह्यांची गाडी लावेलच, ते इंदूरला सांगावे लागत नाही.

मी येईन. तिसऱ्या रांगेत डावीकडे, आई बसायची त्या बाजूला. शेजारच्या त्या गृहस्थांचा ठावठिकाणा मला माहीत नाही, पण ते कुठल्याशा गाण्याला पुन्हा भेटलेच तर त्यांनाही सांगेन. माझ्या भिशीतल्या अकरा जणींनी पैसे काढून ठेवायचे कबूल केले आहे, रामबागेतून सात जणी, सुदामा नगरातून नऊ. तिकीट कितीचे आणि राजेंद्र नगरची बस कुठल्या दारापाशी उभी राहणार, तेवढे आधी कळवा.

आपली नम्र,
राजेंद्र नगरातली एक श्रोती
इंदूर